धवलारिणीची जागा

कोलशेतच्या खाडीलगत उभ्या राहिलेल्या 'खाडीकाठ' या उद्यानात शिरलं की माणसाने थेट शंभर वर्षं मागे जावं, अशी मालकांची इच्छा होती. आणि मागे निघालेला तो माणूस वाटेत साठाव्या-सत्तराव्या वर्षावरच अडकू नये, याची जबाबदारी अंतराची होती.

अंतरा डोंबिवलीची. इतिहासात एम.ए. उद्यानाच्या कागदोपत्री तिचं पद 'इतिहास सल्लागार' असं भारदस्त होतं, पण कामगार आपसात तिला 'झडती मॅडम' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. रोज सकाळी पावणेदहाला ती मागच्या फाटकाशी उभी राहायची. नखांचा रंग, मनगटावरचं घड्याळ, पदराखाली दडवलेला मोबाइल, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. एकदा सदऱ्याला प्लॅस्टिकची बटणं दिसली म्हणून तिने लोहाराला भर शनिवारी कपडे बदलायला घरी पिटाळलं होतं. दीड तास भट्टी थंड होती आणि पोरं रिकाम्या ऐरणीबरोबर फोटो काढत होती.

तिच्याकडे एक तक्ता होता. त्यात रकाने तीन: काम, बाई की पुरुष, आणि आधार. आधार म्हणजे कुठल्या जुन्या कागदात तसं लिहिलेलं सापडतं, ते. लोहार पुरुष, होडीवाला पुरुष, टांगेवाला पुरुष, भाकरी थापणारी बाई. कल्याणच्या श्रियाला टांगा हाकायचा होता. तिच्या काकांचा स्टेशनजवळ टांगा होता, लगाम तिच्या हाताला सवयीचा होता. "येत असेल गं तुला," अंतरा म्हणाली, "पण शंभर वर्षांपूर्वी कोणी बाई इथे टांगा हाकत होती, याला आधार कुठेय?" आधार नव्हता. श्रियाला नववारी नेसवून नवरी करण्यात आलं.

नवरी अशासाठी, की उद्यानातला सगळ्यात मोठा कार्यक्रम लग्नाचा होणार होता. जुन्या आगरी गावातलं लग्न, दर रविवारी, मांडव, हळद, सगळं साग्रसंगीत. ही कल्पना मालकांची. त्यांना सगळे भाऊच म्हणत. ठाण्यातले जुने बांधकामवाले; आयुष्यभर जुनी घरं पाडून इमारती बांधल्या आणि साठी उलटल्यावर जुन्या घरांच्या प्रेमात पडले. माणूस मनाने वाईट नव्हता, फक्त उतावळा होता.

पहिल्या तालमीला मांडवात श्रिया नवरी, नील नावाचा मुलगा नवरा, आणि भटजी म्हणून ऋतुराज. ऋतुराज मोहन्याचा. आजोबा साताऱ्याकडून रेयॉनच्या कारखान्यात कामाला आलेले, कारखाना बंद पडला तरी घर तिथेच राहिलं. एकांकिका करून करून त्याचा आवाज तयार झालेला होता. त्याने मंगलाष्टकं अशी काही खणखणीत लावली, की भाऊंनी खुर्चीतच मान डोलावली.

तेवढ्यात मांडवाच्या कडेला कोणीतरी हसलं.

हसणारी होती रतनमावशी. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापायला ठेवलेली, साठी ओलांडलेली, शेजारच्याच गावठाणातली बाई. भाकरी तव्यावर सोडून ती हात पुसत आली होती, आणि मागे भाकरी करपत होती.

"ह्ये कनाचं लगीन?" तिने विचारलं.

"आगरी लग्न आहे, मावशी. शंभर वर्षांपूर्वीचं," अंतरा म्हणाली.

"मंग धवलारीन कुठं हाय?"

अंतराने तक्ता उघडला. धवलारीण असा शब्द त्यात नव्हता. 'गाणाऱ्या बायका, चार, मागची रांग' अशी नोंद होती.

"त्या मागं बसून काय करतील?" रतनमावशी म्हणाली. "आमच्यात लगीन धवलारीन लावतं. देवांना आवतन तीच धाडतं. बामन मागून आयला. माझे आजीच्या लग्नात बामन नवता, तिची आत्या व्हती. मॅडम, तुमी माझे आजीचं लगीन मांडलाव आनि लावनारीलाच भायेर ठेवलाव."

भाऊ हसले. ऋतुराज हसला नाही, तो रतनमावशीकडे बघत राहिला. अंतराच्या कानशिलांना मात्र ऊन लागल्यासारखं झालं. बटणांवरून लोहाराला घरी पाठवणारी बाई ती, आणि अख्खी धवलारीण तिच्या हातून निसटली होती.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तिने सगळे कागद पुन्हा काढले. ज्या जुन्या सरकारी पुस्तकावर तिची भिस्त होती, त्यात लग्नाचं वर्णन तीन पानं होतं. नवऱ्याचा पोशाख, वरातीतली वाद्यं, जेवणातले पदार्थ, सगळं तपशीलवार. आणि एका वाक्यात: 'या वेळी बायका गाणी म्हणतात.' बस. विचारणारा साहेब पुरुष, सांगणारा पाटील पुरुष. बायका मांडवात काय करताहेत हे साहेबाने विचारलं नाही आणि पाटलाने सांगितलं नाही. 'म्हणतात गाणी,' एवढं बोलून तो मोकळा झाला असेल, आणि शंभर वर्षांनी डोंबिवलीच्या एका शहाण्या मुलीने त्याला आधार मानलं. अंतराला स्वतःचा राग आला.

राग आला की ती कामाला लागत असे, हा तिचा मोठा गुण. उद्यानाला गुरुवारी सुट्टी. ओळीने तीन गुरुवार ती वही घेऊन रतनमावशीच्या ओट्यावर जाऊन बसली. मावशीने क्रमवार सांगितलं. मांडवाला उंबराची फांदी कोणी बांधायची, हळद कोणी दळायची, कुठल्या देवाला आधी बोलवायचं आणि कुठला देव उशीर झाला तर रुसतो, प्रत्येक गोष्टीचं गाणं, म्हणजे धवला, वेगळं आणि गाणं संपल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. अंतराच्या एक गोष्ट लक्षात आली, की मावशी गाण्यांबद्दल तासन् तास बोलते, पण गात मात्र नाही. वयामुळे लाजत असेल, असं ती धरून चालली.

या तीन गुरुवारांत ती रतनमावशीच्या प्रेमातच पडली म्हणायला हरकत नाही. एक गोष्ट तर ती घरी आईला दोनदा सांगून बसली. विशीतली रतन मानपाड्याकडच्या एका लग्नात धवलारीण होती. नवरा पाटावर आला तो झोकांड्या खात. रतनने गाणं थांबवलं. वरबाप म्हणाला, गा. ती गप्प. पोलीस पाटील म्हणाला, मुहूर्त जातोय. ती गप्प. मोठमोठ्या मिशांचे लोक त्या पोरसवदा बाईपुढे हात जोडून उभे राहिले आणि ती म्हणाली, "याची उतरू दे, मंग गाते. देवांना झिंगलेल्याचे लग्नाला बोलवाची नाय मी." दुपार गेली, ऊन कललं, नवऱ्याला विहिरीवर नेऊन घागरी ओतल्या. लग्न दिवेलागणीला लागलं. त्या नवऱ्याने म्हणे पुढे जन्मात थेंब घेतला नाही. हे शेवटचं खरं की मावशीची भर, हे अंतराने तपासलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला आधार मागावासा वाटला नाही.

मग ती भाऊंशी भांडली. "अगं, पण लोकांना भटजी बघितला की कळतं लग्न चाललंय," भाऊ म्हणाले. "ही बाई मध्ये बसून गाते, हे कोणाला समजणार?"

"भाऊ, मंगलाष्टकं लोकांनी हजार लग्नांत ऐकलीत. ही बाई त्यांना कुठेच दिसणार नाही. फाटकावर पाटी काय लावलीय आपण? 'जसं होतं तसं.' मग जसं होतं तसं दाखवू या ना."

भाऊ पाटीवर अडकले. पाटी त्यांनी स्वतः लिहिली होती. "बरं," ते म्हणाले, "येत्या रविवारी पहिला प्रयोग आहे. बसव तुझ्या मावशीला."

ऋतुराजला सांगणं जड गेलं. "मी तर पाठ पण करून आलेलो, मॅडम," तो म्हणाला. मग खांदे उडवून म्हणाला, "पण मावशी बरोबर आहेत यार. मी तिथे उपराच वाटत होतो." त्याला मांडवाची कामं दिली: खांब धरायचा, फांदी बांधायची, अंतरपाट धरायचा. आणि श्रिया संधी सोडणारी नव्हती. "मॅडम, पुरुषाची जागा बाईला मिळते, मग टांग्याचं बघा ना परत." अंतरा म्हणाली, "पुरुषाची नाही मिळाली गं. बाईचीच होती, ती परत दिली."

हे वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं. पुढे काय वाढून ठेवलंय याची तिला कल्पना नव्हती.

जागा मिळाली म्हटल्यावर रतनमावशीला आभाळ ठेंगणं झालं. आळीतल्या घराघरांत जाऊन तिने सांगितलं. ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढलं. शुक्रवारी रंगीत तालीम. मावशी मांडवात आली आणि पाच मिनिटांत मांडव तिचा झाला. फांदी उलटी बांधली म्हणून ऋतुराजला ती सोडायला लावली. हळदीचं ताट कुठे, तांदूळ कुठे, नवरीचं तोंड कुठल्या दिशेला, सगळं तिने हातवारे करून जागेवर आणलं. भाऊसुद्धा खुर्ची मागे सरकवून बसले, न सांगता. अंतराचा ऊर भरून आला.

"चला मावशी," ती म्हणाली, "आता गा."

रतनमावशीने पाटावरच्या श्रियाकडे पाहिलं, मग नीलकडे. "आनि खरे नवरानवरी?"

"हेच. हे दोघं दर रविवारी बसतील."

"मंग मी नाय गायाची."

"का हो?" अंतराने विचारलं.

"धवला गायला का लगीन लागतं," मावशी शांतपणे म्हणाली. "मी आवतन धाडलं आनि देव आयले, तर त्यांना काय सांगू? नाटक हाय, परत जा?"

श्रिया पाटावरून ताडकन उठली. मे महिन्यात तिचं लग्न होतं, बँकेतल्या एका मुलाशी, आणि दर रविवारी नीलशी देवांच्या साक्षीने लग्न लागण्याची तिची अजिबात तयारी नव्हती. नीलही दोन पावलं मागे सरला. बाकीचे हसले, पण मावशी हसत नव्हती.

भाऊंनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी, मग दुसरं कुठलं तरी गाणं म्हणा. दळणाचं म्हणा, शेतावरचं म्हणा."

आणि अंतरा, जी बटणाचं प्लॅस्टिक ओळखायची, ती पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "मावशी, म्हणा ना. इथे कोणाला कळणार आहे?"

रतनमावशीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट होतं. "तुना कललं ना आता?" ती म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

भाऊंचा निर्णय सरळ होता. रविवारी तीनशे लोक येणार. मावशी गायल्या तर त्यांची जागा त्यांची. नाही तर ऋतुराज भटजी, आणि मावशी चुलीपाशी.

शनिवारी अंतरा झडतीला उभी राहिली नाही. फाटकातून कोण काय घालून आत गेलं हे तिने पाहिलंच नाही. ती चुलीपाशी जाऊन रतनमावशीच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मावशी, माझं चुकलं. मी तुम्हाला खोटं करायला सांगितलं."

"तुना लय घाई," मावशी म्हणाली आणि तिच्यापुढे भाकरी ठेवली. म्हणजे माफ केलं होतं.

भाकरी खाता खाता अंतराने विचारलं, "तुम्ही शिकलात कशा? शिकतानाही गावं लागलंच असेल ना. मग तेव्हा कोणाचं लग्न लागायचं?"

शुक्रवारनंतर मावशी पहिल्यांदा हसली. "आत्याचे मागं बसून शिकली. भाताची कामं झाली का खल्यावर चार बांबूंचा मांडव घालाचा. पाट मांडाचे, पन रिकामे. रिकामे पाटावर लगीन कनाचं लागल? देवांना बी म्हाईत असतं, पोरी शिकतान म्हनून. आयकतान आनि गप बसतान."

अंतराचा घास हातातच राहिला. "मग मावशी, आपण तेच करू या! लग्न नाहीच. शिकवणं. जसं होतं तसं."

"आनि शिकनारी कोन?" मावशी भाकरी उलटत म्हणाली. "चालीस वर्सं झाली, माझे मागं कोन बसली नाय. नात बोलतं, आजी, ह्ये डीजेवर नाय बसत. माझेबरोबर जानार ह्ये सगलं. मना तेवढंच दुख हाय. जागेचं काय, आज चूल, उद्या मांडव."

हे दुःख या बाईने तीन गुरुवारांत बोलून दाखवलं नव्हतं. अंतराला रडू आलं आणि ते तिने धुरावर ढकललं.

"मी बसते," ती म्हणाली.

भाऊ कुरकुरले. रिकामे पाट बघायला लोक कशाला येतील, म्हणाले. पण त्यांनाही शुक्रवारच्या मांडवात खुर्ची मागे घ्यावी लागली होती, ते त्यांच्या लक्षात होतं. "एक रविवार," ते म्हणाले. "एकच. फसलं तर भटजी."

रविवारी मांडवाभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. अंतराने लोकांना चार वाक्यांत सांगितलं की धवलारीण म्हणजे कोण, तिच्याशिवाय इथे लग्न का लागत नसे, आणि आज पाट रिकामे का आहेत. मग ती रतनमावशीच्या मागे मांडी घालून बसली. भाऊ पहिल्या रांगेत हाताची घडी घालून होते. ऋतुराज खांब धरून उभा होता.

रतनमावशीने डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज गोड नव्हता. रुंद होता, खालून येत होता, खळ्यापलीकडच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी घडलेला. मांडवातली पोरं चिवचिवत होती ती गप्प झाली. पहिली ओळ उंबराच्या झाडाला उठवणारी होती. ओळ संपली, मावशी थांबली. आता शिकणारीने म्हणायचं.

अंतराने म्हटलं. तिला शब्द सगळे येत होते, वहीत लिहिलेले होते. पण सूर म्हणाल तर शाळेतल्या प्रार्थनेला हिने नुसते ओठ हलवावेत अशी बाईंनी विनंती केलेली. लोक खुदकन हसले. मावशीने मान हलवली. "परत." अंतराने परत म्हटलं, ते पहिल्यापेक्षा वाईट. मागून एकजण शिट्टी मारून गेला. भाऊ जमिनीकडे बघू लागले. मावशीने दुसरी ओळ घेतली, लांबलचक, मध्ये वळणं घेत जाणारी, आणि अंतराला कळून चुकलं की ही आपल्याला सात जन्मांत जमणार नाही. ती तोंड उघडून बसली. आवाज फुटेना. तिला दिसायला लागलं की फसलं, सगळं फसलं, आपल्या हट्टापायी मावशी पुन्हा चुलीपाशी जाणार.

तेव्हा ती ओळ कोणीतरी उचलली.

खांबापाशी. ऋतुराजने. मंगलाष्टकांचा तो खणखणीत आवाज नव्हता; त्याने तो खाली आणला होता, मावशीच्या आवाजाच्या अंगाने. वळण वळणासारखं घेतलं, जिथे तिने श्वास घेतला तिथे श्वास घेतला, आणि ओळ जशीच्या तशी तिच्या पुढ्यात नेऊन ठेवली.

रतनमावशीने डोळे उघडले.

"सॉरी," ऋतुराज म्हणाला. "तोंडातून निघून गेलं."

दुसऱ्या रांगेतून एक चष्मेवाले गृहस्थ उभे राहिले. "मॅडम, तुम्ही आत्ताच म्हणालात की हे काम बायकांचं. मग पुरुष कसा? पूर्वी पुरुष गायचे का हे?"

सगळ्यांच्या नजरा अंतराकडे वळल्या. तिच्या डोक्यात तो तक्ता होता, तिन्ही रकान्यांसकट. मधला रकाना भरायला तिने केवढं भांडण केलं होतं! हो, कधीमधी गायचे, असं म्हटलं असतं तर चाललं असतं. कोणाला कळणार होतं? पण ते वाक्य ती एकदा बोलली होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

"नाही," ती म्हणाली. "पूर्वी कधीच नाही. याला काहीही आधार नाही." आणि ती रतनमावशीकडे वळली. "मावशी, तुमचा मांडव आहे. तुम्ही सांगा."

रतनमावशीने ऋतुराजला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठला रे तू?"

"मोहन्याचा. पण आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, मावशी. आगरी नाही."

"मी जात इचारली? गाव इचारला. रोज येशील?"

"येईन."

"रोज?"

"रोज येईन, मावशी."

मग ती त्या चष्मेवाल्या गृहस्थांकडे वळली. "दादा, चालीस वर्सं मी पोरींची वाट बघली. एक नाय आली. ह्यो आयला. गल्याला काय मिशी असतं का?"

हशा उठला, पण तो तिच्या बाजूचा होता. भाऊंनी हाताची घडी सोडली. अंतरा शिकणारीच्या जागेवरून उठली. आपल्याला जे जन्मात जमणार नाही ते दुसऱ्याला जमताना बघून एवढा आनंद होतो, हे तिला माहीत नव्हतं. ऋतुराज पुढे येऊन मावशीच्या शेजारी बसायला गेला.

"मागं," मावशी म्हणाली. "शेजारी नाय. पुढं मी, मागं तू."

तो मागे सरकून बसला. रतनमावशीने डोळे मिटून तिसरी ओळ घेतली. ऋतुराजने ती उचलली, अर्ध्यापर्यंत नेली आणि वळणावर घसरला. मावशीने मागे न बघता हात नेला, त्याच्या गुडघ्यावर एक चापट मारली आणि म्हणाली, "परत."